एकही चिप न बनवणाऱ्या विद्यापीठाला दर चिपमागे पन्नास सेंट?

एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या प्राध्यापिकांनी विचारलंय: "अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाला मार्व्हेल या चिप कंपनीकडून पेटंटच्या खटल्यात ७५ कोटी डॉलर मिळाले. ज्या विद्यापीठानं आयुष्यात एक चिप विकली नाही, त्याला दर चिपमागे पैसे कसे मिळतात? शिवाय माझ्या पीएचडीतला डिकोडर एका मोठ्या कंपनीच्या चिपमध्ये वापरला जातोय असा मला दाट संशय आहे. मी दावा लावू शकते का?"

मॅडम, आधी पहिला प्रश्न नीट सोडवू. दाट संशयाला कोर्टात काडीची किंमत नसते. कार्नेगी मेलनकडे संशयाच्या जागी काय होतं हे एकदा दिसलं, की तुमच्याकडे काय आहे आणि काय नाही हे तुम्हीच मला सांगाल.

माझ्या टेबलावर एक निकामी साडेतीन इंची हार्ड डिस्क पडलेली असते. नवीन मुलं ऑफिसात शिकायला आली की मी ती त्यांच्या हातात देतो. चांदणीच्या टोकाच्या स्क्रू ड्रायव्हरनं मागचे स्क्रू काढले की हिरवा बोर्ड सुटतो. चिपा आतल्या बाजूला, स्पंजाच्या पट्टीखाली असतात. त्यातली सगळ्यांत मोठी चौकोनी चिप, अंगठ्याच्या नखाहून जराशी मोठी, तिच्यावर मार्व्हेलचं नाव. तबकडीवरून वाचणारं डोकं (रीड हेड) जे काही विस्कटलेलं सिग्नल उचलतं, त्याचे शून्य आणि एक करण्याचं काम या चिपमधला 'रीड चॅनल' करतो. सगळा खटला त्या रीड चॅनलमधल्या एका गणितावरून झाला.

गणित समजावून सांगताना मला नेहमी मोडी आठवते. आमच्या घरी आजोबांच्या पेटीत मोडीतली दोन-चार खरेदीखतं होती. ती वाचायला एक गृहस्थ यायचे. मी लहान होतो, एकेका अक्षरावर बोट ठेवून "हे काय?" विचारायचो. ते म्हणायचे, "असं नाही सांगता येत रे, पुढचं-मागचं बघू दे." मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग हात न उचलता लिहीत जायचं. त्यामुळे अक्षराचा आकार शेजारच्या अक्षरावर अवलंबून. वाचणारा एकेक अक्षर ओळखत नाही, अख्ख्या ओळीच्या शक्यता मनात धरून जी सगळ्यांत जुळते ती उचलतो. अँड्र्यू व्हिटर्बी यांनी १९६७ साली मांडलेली पद्धत हेच करते: सुटा बिट (शून्य किंवा एक) ठरवायचा नाही, बिटांच्या संभाव्य माळा तोलायच्या आणि सर्वांत संभाव्य माळ निवडायची.

पण त्या गृहस्थांना आणखी एक गोष्ट ठाऊक होती. बोरू जिथे वळतो तिथे शाई जास्त फुटते. सरळ रेघेतला डाग आणि वळणावरचा डाग यांना ते सारखं महत्त्व देत नसत. हार्ड डिस्कचंही तसंच आहे. तबकडीवर एका दिशेचं चुंबकीकरण संपून उलट दिशेचं सुरू होतं, ती सीमा सरळ नसते, नागमोडी असते. तबकडी चुंबकीय कणांची बनलेली असते, आणि कण काही पट्टी लावून बसवलेले नसतात. बिट जितके दाटीनं लिहावे तितका या वेड्यावाकड्या सीमांचा गोंगाट वाढतो. शिवाय तो कुठे वाढेल हे कोणते बिट लिहिलेत यावर ठरतं, आणि एका ठिकाणचा गोंगाट सिग्नलच्या शेजारच्या नमुन्यातही, म्हणजे पुढच्या-मागच्या मोजणीतही, झिरपतो. जुने डिटेक्टर मात्र सगळीकडचा गोंगाट सारखा आणि सुटा धरून चालत.

पिट्सबर्गमधल्या कार्नेगी मेलनमध्ये पीएचडी करणारा अलेक्सांदर कावचिच आणि त्याचे मार्गदर्शक झुझे मौरा यांनी ही चूक दुरुस्त केली. व्हिटर्बीच्या पद्धतीत संभाव्य माळांची जी जाळी बनते तिच्यातल्या वेगवेगळ्या फांद्यांना वेगवेगळी मोजमापं लावा, ती बिटांच्या क्रमानुसार ठरू द्या, आणि मोजताना एकच नमुना न घेता शेजारचे नमुने एकत्र घ्या, कारण त्यांचा गोंगाट एकमेकांशी बांधलेला आहे. इतकंच. आज तुमच्या एमटेकच्या मुलांना हे दोन तासांत शिकवता येईल. मोठी पेटंटं बहुतेक अशीच असतात, मागाहून सोपी वाटणारी.

आता तारखा बघा, कारण आपली मंडळी इथेच मार खातात. या कामाचा प्रोव्हिजनल, म्हणजे तारीख पकडून ठेवणारा तात्पुरता, अर्ज मे १९९७ चा. मुख्य अर्ज १९९८ चा. पेटंटं मिळाली २००१ आणि २००२ मध्ये. माहिती सिद्धांताच्या नामांकित नियतकालिकातला त्यांचा मोठा शोधनिबंध जानेवारी २०००चा. म्हणजे अर्ज आधी, निबंध नंतर. तुम्ही कोणत्या क्रमानं केलंत, हे मला पहिल्या भेटीत विचारावं लागेल, आणि त्या उत्तरावर पुढची सगळी भेट अवलंबून आहे.

आता खटला. मार्च २००९ मध्ये विद्यापीठानं पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिम जिल्ह्यातल्या फेडरल कोर्टात दावा लावला. ज्युरीसमोर शेवटी पोचले ते दोन पेटंटांतले दोनच क्लेम, म्हणजे हक्क नेमका कशावर ते सांगणारी कलमं: एकातला चौथा, दुसऱ्यातला दुसरा. दोन्ही पद्धतीचे क्लेम, वस्तूचे नव्हेत. हे ध्यानात ठेवा, पुढे याच गोष्टीनं कोट्यवधी डॉलर अडवले.

वापर कसा सिद्ध केला? चिपच्या आत सिलिकॉनमध्ये कोणतं गणित चाललंय हे बाहेरून दिसत नाही. तुमचाही प्रश्न तोच असणार. अमेरिकेत मात्र दावा दाखल झाला की 'डिस्कव्हरी' सुरू होते: समोरच्याला आपले कागद, ईमेल, डिझाइनच्या फायली उघडून द्याव्या लागतात. त्यात मार्व्हेलचे २००१-०२ च्या सुमाराचे ईमेल निघाले. कंपनीचा एक अभियंता कावचिच-मौरांचे निबंध वाचून त्यावर आधारलेली रचना करत होता. हे पेटंट झालेलं आहे आणि कार्नेगी मेलनच्या नावावर आहे, हेही त्यानं वरिष्ठांना लिहून कळवलं होतं. आणि कळस म्हणजे, त्यानं आपल्या सिम्युलेशन प्रोग्रामना नावं दिली होती त्यात चक्क 'कावचिच' हा शब्द होता. एकाचं नाव 'कावचिच-व्हिटर्बी'.

पंचवीस वर्षं हा पेटंटांचा धंदा करतोय, पण फायलीला समोरच्या संशोधकाचं नाव देणारा प्रतिवादी मी प्रत्यक्षात पाहिलेला नाही. खरं तर त्या अभियंत्याचा मला राग येत नाही. तो प्रामाणिक होता. ज्याचं काम वापरलं त्याचं नाव दिलं, आणि अडचण दिसताच वर कळवलं. पुढे कंपनीनं जे करायला हवं होतं ते केलं नाही. विद्यापीठानं ऑगस्ट २००३ मध्ये परवान्याविषयी विचारणारं पत्र धाडलं होतं, त्याला उत्तरसुद्धा गेलं नाही. वकिलाच्या मतासाठी काही हजार डॉलर खर्च केले असते तर? पण तेव्हा चिप विकायची घाई होती. कंपनीच्याच कागदांत या वैशिष्ट्याला 'असायलाच हवं' असं म्हटलेलं होतं, आणि तेही ज्युरीनं वाचलं.

मार्व्हेलचा बचाव पोकळ नव्हता, हेही सांगायला हवं. त्यांचं म्हणणं, आमची चिप व्हिटर्बीच्या नंतर एक स्वस्त दुरुस्ती करते, पेटंटमधली रचना जशीच्या तशी कुठे आहे? आणि तसंही सीगेट या हार्ड डिस्क कंपनीचं त्याआधी अर्ज केलेलं एक पेटंट आहे, त्यात ही कल्पना आलेलीच आहे. ज्युरीनं दोन्ही मुद्दे नाकारले. २६ डिसेंबर २०१२ ला, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, निकाल आला: ११६ कोटी ९१ लाख ४० हजार २७१ डॉलर.

हा आकडा कुठून आला ते पाहा. मार्व्हेलनं विकलेल्या चिपा: २ अब्ज ३३ कोटी ८२ लाख ८० हजार ५४२. गुणिले पन्नास सेंट. करून बघा, शेवटच्या डॉलरपर्यंत जुळतं. ज्युरीनं काही अंदाजपंचे रक्कम ठरवली नव्हती. तिनं विद्यापीठाच्या तज्ज्ञाचा दर आणि चिपांचा आकडा उचलला आणि गुणाकार केला.

तुमच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे. जो स्वतः चिप विकत नाही त्याचं नुकसान ते काय? अमेरिकेच्या कायद्यात भरपाईला एक तळ आहे: वाजवी रॉयल्टीपेक्षा कमी देता येत नाही. ही रॉयल्टी ठरवायला कोर्ट एक काल्पनिक बैठक मांडतं. उल्लंघन सुरू झालं त्या दिवशी दोघं समोरासमोर बसले असते, दोघांनाही पेटंट वैध आहे आणि वापरलं जाणार आहे हे माहीत असतं, तर सौदा कितीला तुटला असता? मार्व्हेलच्या बाजूचा युक्तिवाद असा की विद्यापीठ अशा गोष्टी एकरकमी, स्वस्तात देतं, तेव्हा फार तर अडीच लाख डॉलर. विद्यापीठ म्हणालं, तुमचा चिपमागचा नफा बघा, हे नसतं तर ग्राहक तुमच्याकडे आला असता का ते बघा, पन्नास सेंट फार नाहीत. अडीच लाख आणि एकशे सतरा कोटी. एकाच काल्पनिक टेबलाच्या दोन बाजू.

पहिल्या आकड्याला वजन का होतं माहीत आहे? विद्यापीठं खरोखरच असे परवाने स्वस्तात देतात. वर्षाअखेर तंत्रज्ञान हस्तांतरणाच्या अहवालात एक ओळ वाढावी म्हणून. तो स्वस्त करार मग दहा वर्षांनी कोर्टात त्यांच्याच विरोधात वाचून दाखवला जातो. तुमच्या संस्थेनं कुणाला पन्नास हजारांत परवाना दिला असेल, तर आजच मला सांगा.

न्यायाधीश नोरा बॅरी फिशर यांनी २०१४ मध्ये हेतुपुरस्सर उल्लंघनासाठी रक्कम वाढवली आणि नंतरच्या विक्रीची भर घालून एकूण सुमारे १५४ कोटी डॉलरचा निवाडा दिला. त्याच न्यायाधीशांनी एक गोष्ट विद्यापीठालाही सुनावली होती: २००३ मध्ये पत्र पाठवून २००९ पर्यंत गप्प बसलात, हा उशीर समर्थनीय नाही. पण मार्व्हेलचं वागणं पाहता त्या उशिराचा फायदा मार्व्हेलला देता येणार नाही, असंही म्हणाल्या. उशिराचा फटका दुसरीकडून बसलाच असता. अमेरिकेत दाव्याच्या सहा वर्षं मागेपर्यंतचीच भरपाई मिळते. म्हणून हिशेब मार्च २००३ पासून सुरू होतो. आणखी दोन वर्षं थांबले असते तर २००५ च्या आधीच्या सगळ्या चिपा हातच्या गेल्या असत्या.

मग अपील. ऑगस्ट २०१५ मध्ये वॉशिंग्टनच्या फेडरल सर्किट कोर्टानं पेटंट वैध, उल्लंघन झालं, पन्नास सेंटांचा दरही मान्य, इतकं सगळं विद्यापीठाच्या बाजूनं ठेवलं. हेतुपुरस्सरपणा मात्र काढला, कारण तेव्हाच्या निकषानुसार खटल्यात मांडलेला बचाव वाजवी असेल तर पुरे होतं, आणि सीगेटच्या पेटंटावरचा बचाव तितका वाजवी होता. गंमत अशी की तो निकषसुद्धा 'सीगेट' नावानंच ओळखला जायचा. तो २००७ च्या ज्या प्रकरणातून आला त्यात सीगेटविरुद्धच्या वादींमध्ये एमआयटी हे विद्यापीठ होतं. आणि जून २०१६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं हा निकष मोडीत काढला, कार्नेगी मेलननं तडजोड केल्यावर चार महिन्यांनी. या धंद्यात नशीब नसतं असं कुणी म्हणालं तर हे दाखवा.

पण अपिलातला खरा घाव वेगळ्याच जागी बसला. चिप कुठे विकली गेली?

चिपांचा प्रवास असा: आराखडा, सिम्युलेशन, नमुन्यांची चाचणी, ग्राहकाच्या अभियंत्यांबरोबर महिनोन् महिने चालणारी पारख, हे सगळं कॅलिफोर्नियात. उत्पादन तैवानमध्ये. तिथून माल थेट आशियातल्या हार्ड डिस्कच्या कारखान्यांत. त्यातल्या बऱ्याच चिपा अमेरिकेच्या मातीला कधी लागल्याच नाहीत. अमेरिकेचं पेटंट अमेरिकेच्या हद्दीत चालतं. विद्यापीठ म्हणालं, पद्धतीचा वापर तुम्ही कॅलिफोर्नियात चाचण्या करताना केलात, आणि त्याच वापरामुळे तुम्हाला या सगळ्या ऑर्डरी मिळाल्या. कोर्ट म्हणालं, कारण-परिणाम मान्य, पण तेवढं पुरत नाही. रॉयल्टी चिपमागे मोजायची तर ती चिप अमेरिकेत बनलेली, वापरलेली, विकलेली किंवा आयात झालेली हवी.

आयात झालेल्या ५५ कोटी ६८ लाख १२ हजार ९१ चिपांचे पैसे कायम झाले: २७ कोटी ८४ लाख डॉलर आणि वर थोडे. उरलेल्यांसाठी, विक्री कॅलिफोर्नियात झाली की आशियात, यावर नवीन सुनावणी ठरली. आता तुम्हीच सांगा, सौदा कॅलिफोर्नियात ठरला, पावती दुसऱ्या देशातून फाटली, माल तैवानहून थायलंडला गेला, पैसे आणखी तिसरीकडे जमा झाले. विक्री कुठे झाली? कोर्टानंही एका वाक्यात उत्तर दिलं नाही. ठिकाण ठरवणारे घटक सांगितले आणि प्रश्न ज्युरीकडे परत धाडला. अशा अनिश्चिततेत दोन्ही बाजूंना झोप लागत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये ७५ कोटी डॉलरवर मिटलं. २७ कोटी तर पक्के होते, ११७ ची आशा होती. मधला हा आकडा म्हणजे त्या एका प्रश्नाची बाजारातली किंमत.

दोन शेजारची प्रकरणं थोडक्यात, म्हणजे कार्नेगी मेलन हाच नियम आहे असं वाटायला नको. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या पेटंटांची मालकी सांभाळणारी संस्था 'वॉर्फ'. प्रोसेसरनं स्मृतीतल्या वाचन-लेखनाच्या सूचनांचा क्रम आगाऊ ताडावा, असं त्यांचं १९९८ चं एक पेटंट. शोधकांत आपल्या पिलानीच्या बिट्समधून शिकून गेलेले गुरिंदर सोही होते. २००८ मध्ये वॉर्फनं इंटेलवर, कोअर टू ड्युओ प्रोसेसरवरून दावा लावला. इंटेलनं जो बचाव घेतला तो प्रत्येक विद्यापीठानं भिंतीवर लावून ठेवावा: त्या संशोधनाला आम्ही पैसे दिले होते, म्हणून वापराचा हक्कही आमचा. २००९ मध्ये तडजोड झाली. मग त्याच पेटंटावर ॲपलविरुद्ध २०१५ मध्ये ज्युरीनं २३ कोटी ४० लाख डॉलर दिले, पुढे व्याज आणि भर पडून आकडा ५० कोटी ६० लाखांवर गेला. आणि २०१८ मध्ये अपिलात शून्य झाला. क्लेममध्ये 'विशिष्ट' लोड (स्मृतीतून वाचण्याची) सूचना असा शब्द होता. ॲपलच्या चिपमध्ये अंदाजाच्या एका नोंदीवर अनेक सूचना येऊ शकत होत्या, म्हणून ती नोंद 'विशिष्ट' सूचनेची नव्हे. एका विशेषणानं ५० कोटी डॉलर गेले. क्लेम लिहिताना मी शब्दाशब्दावर अडून बसतो म्हणून प्राध्यापक वैतागतात, त्यांना मी हे ऐकवतो.

दुसरं प्रकरण कॅलटेकचं. वायफायच्या चिपांतल्या त्रुटी-सुधारणेच्या कोडवरून ब्रॉडकॉम आणि ॲपलविरुद्ध. पेटंटावर ह्वे जिन, रॉबर्ट मॅकएलीस आणि आमोद खांडेकर अशी तीन नावं आहेत. तिसऱ्या नावापाशी मी पहिल्यांदा फाईल वाचताना थबकलो होतो, कबूल करतो. २०२० मध्ये ज्युरीनं दोघांकडून मिळून सुमारे ११० कोटी डॉलर दिले, २०२२ मध्ये अपिलात ती भरपाई रद्द झाली, कारण एकाच चिपवर चिप बनवणाऱ्याला एक दर आणि फोन बनवणाऱ्याला त्याच्या कितीतरी पट दर लावला होता. नंतर तडजोड झाली. हा तुमच्या विषयाला सगळ्यांत जवळचा खटला आहे. डिकोडरचं काम करत असाल तर त्याचे क्लेम बसून वाचा.

आता तुमच्याकडे वळू.

भारतात कावचिच-मौरांचं पेटंट आलं असतं का? पेटंट कायद्याचं कलम ३(के) गणिती पद्धत, अल्गोरिदम आणि निव्वळ संगणक प्रोग्राम यांना शोध मानत नाही. हार्ड डिस्कच्या वाचनातला प्रत्यक्ष तांत्रिक परिणाम दाखवून, हार्डवेअरशी बांधून लिहिलं तर लढता येतं. पण मुंबईतल्या अँटॉप हिलच्या पेटंट कार्यालयातून पहिला परीक्षण अहवाल येईल त्यात ३(के) असणार, हे मी आजच लिहून देतो. समजा मिळालं, तरी आपल्या कलम ४८ प्रमाणे पद्धतीच्या पेटंटाचा हक्क त्या पद्धतीच्या वापरावर आणि त्या पद्धतीनं थेट तयार झालेल्या वस्तूवर चालतो. डिकोडिंगच्या पद्धतीनं चिप तयार होत नाही, चिप ती पद्धत वापरते. म्हणून उपकरणाचा क्लेम, म्हणजे सर्किटचा क्लेम, शेजारी हवाच. तुमच्या अर्जात तो आहे का?

डिस्कव्हरी आपल्याकडे त्या थाटाची नाही. व्यावसायिक न्यायालयांच्या कायद्यामुळे २०१५ नंतर कागद उघड करायची शिस्त आली आहे, पण समोरच्याच्या दहा वर्षांच्या ईमेल मागवून चाळत बसणं इथे जवळपास अशक्य. ज्युरी नाही, काल्पनिक बैठकीवर अब्जावधींचा गुणाकार नाही. समोरची कंपनी पेटंट रद्द करण्याचा प्रतिदावा लावणार, आणि तो लागला की प्रकरण जिल्हा न्यायालयातून उच्च न्यायालयात जाणार. कलम १११ प्रमाणे पेटंट माहीत नव्हतं आणि माहीत असण्याचं कारणही नव्हतं, असं प्रतिवादीनं सिद्ध केलं तर भरपाई मिळत नाही. म्हणून २००३ च्या त्या पत्रासारखं पत्र, पेटंट क्रमांकासह, पोच घेऊन पाठवणं आपल्याकडे जास्तच महत्त्वाचं. फक्त पत्र गेलं की समोरचा सावध होतो, पेटंट फोडायला साहित्य शोधू लागतो. ते कधी आणि कोणत्या शब्दांत जावं, हे वकिलाबरोबर बसून ठरवा. रागाच्या भरात स्वतः ईमेल टाकू नका.

चिप अमेरिकेत विकली जाते आणि तुमचं पेटंट फक्त भारतात असेल, तर अमेरिकेतल्या विक्रीवर तुम्हाला काही म्हणता येणार नाही. हद्दीचा नियम तिकडून जसा लागतो तसाच इकडून. भारतात राहून परदेशात आधी अर्ज करायचा तर कलम ३९ ची परवानगी हवी, नाहीतर इथे अर्ज करून सहा आठवडे थांबायचं. हे मोडलं तर भारतातलं पेटंटही धोक्यात येतं.

काही वर्षांपूर्वी एक प्राध्यापक माझ्याकडे आले होते. काम अव्वल होतं, मी स्वतः चिप डिझाइनमधून या धंद्यात आलोय, म्हणून छातीठोकपणे सांगतो. अर्जाचा मसुदा अर्धा झाला आणि मी सहज विचारलं, हे कुठे छापून आलंय का? ते म्हणाले, परिषदेच्या कार्यवृत्तात, चौदा महिन्यांपूर्वी. बढतीसाठी लागणाऱ्या एपीआय गुणांची घाई होती. अमेरिकेत शोधकाच्या स्वतःच्या प्रकाशनाला एक वर्षाची सवलत असते, ती दोन महिन्यांनी गेली. भारतात तर सर्वसाधारण प्रकाशनाला तशी सवलतच नाही, विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधासारख्या मोजक्या प्रसंगांपुरती बारा महिन्यांची वाट आहे, तीही बंद झालेली. मी मसुद्याचे पैसे घेतले नाहीत. ते उठून गेले तेव्हा चहा तसाच राहिला होता.

पैसा अडचण आहे म्हणाल तर आता तेवढी नाही. २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना पेटंट शुल्कात ८० टक्के सवलत आहे. मालकी कुणाची हा प्रश्न मात्र ज्याच्या त्याच्या नेमणूकपत्रावर आणि संस्थेच्या धोरणावर सुटतो. अमेरिकेत सरकारी पैशातल्या संशोधनाची मालकी १९८० च्या बाय-डोल कायद्यानं विद्यापीठांकडे आली. आपल्याकडे तसं विधेयक २००८ मध्ये संसदेत आलं, कायदा झाला नाही. त्यामुळे तुमचा प्रकल्प कोणत्या निधीवर झाला, त्या निधीच्या अटी काय, कुठल्या कंपनीनं मध्ये उपकरणं किंवा शिष्यवृत्ती दिली होती का, हे कागद आधी काढा. इंटेलचा बचाव आठवतोय ना?

मला भेटायला येताना आणायचं ते सांगतो. पेटंटाचा किंवा अर्जाचा क्रमांक आणि पूर्ण तपशील. प्रबंध सादर केल्याची आणि पहिल्या प्रकाशनाची तारीख, पोस्टर आणि परिषदेतली भाषणं धरून. प्रयोगशाळेच्या वह्या, पानं न फाडता. निधीची मंजुरीपत्रं. आणि तुमचा 'दाट संशय' कशावरून आहे ते एका कागदावर: त्या कंपनीची डेटाशीट, त्यांच्या अभियंत्यांचे निबंध आणि त्यांत तुमचा संदर्भ आहे का, त्यांचे स्वतःचे पेटंट अर्ज. या शेवटच्या गोष्टीकडे लोक बघत नाहीत. कंपन्या आपल्या सुधारणांचे अर्ज स्वतःच प्रसिद्ध करतात आणि त्यात मूळ रचना कशी चालते हे खुशाल लिहितात. डिस्कव्हरी नसलेल्या देशात आपल्याला फुकट मिळणारी डिस्कव्हरी तीच. एक तक्ता करा: डाव्या रकान्यात तुमच्या क्लेमचा एकेक घटक, उजव्या रकान्यात तो त्यांच्या चिपमध्ये आहे याचा कागद. उजवीकडे एक जरी घर रिकामं राहिलं तर तिथे 'असणारच' असं लिहू नका, रिकामंच ठेवा. आपलं बोलणं त्या रिकाम्या घरापासून सुरू होईल.